मंडळी आणि तिचे पाळक

सोलापुराहून अक्कलकोटाकडे जाणाऱ्या वाटेवर कुंभारी हे गाव आहे. नावावरून तेथे चाक आणि आवा असेल अशी कल्पना होते; परंतु हल्ली ह्या गावाचे नाव बाहेरच्या लोकांच्या कानी पडते ते तेथील वसाहतींमुळे. २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत येथे उभी राहिली, आणि २०२४ च्या जानेवारीत रे नगर ह्या त्याहून मोठ्या वसाहतीतील पंधरा हजार घरे कामगारांच्या हवाली झाली. सोलापुराच्या जुन्या पेठांतून, भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांतून निघालेली कुटुंबे येथे आली. घर बदलले की शेजार बदलतो, वाणी बदलतो, मुलांची शाळा बदलते. देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जावयाचे ते मात्र बहुतेक लोक बराच काळ जुन्याच ठिकाणी जातात. ह्या बाबतीत माणसाचा पाय त्याच्या पत्त्याहून सावकाश हलतो.

अशाच एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरी गेल्या उन्हाळ्यात जाण्याचा योग आला. घरात वातावरण काहीसे उदास होते. चौकशी करता कळले की, त्यांच्या मंडळीच्या पाळकांची बदली झाली. सात वर्षे ज्यांनी लग्ने लावली, माती दिली, दवाखान्यात रात्री जागून काढल्या, ते गृहस्थ महिन्याभरात दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. स्नेह्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “नवे येतील तेही चांगलेच असतील हो, पण माझ्या मातीला मला ओळखणारा माणूस पाहिजे.” टेबलावर एक अर्ज होता. बदली रद्द करावी अशी बिशपसाहेबांस विनंती करणारा तो अर्ज असून त्यावर ऐंशीच्यावर सह्या झाल्या होत्या. स्नेह्यांनी तो माझ्यापुढे सरकविला व विचारले, “तुम्ही इतिहास वाचता. आमच्या वाडवडिलांनी अशा वेळी काय केले असते?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर तेथल्या तेथे देता येईना. परत आल्यावर नगर-सोलापूरकडील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा जुना वृत्तांत पुन्हा चाळला. त्यात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. ज्यांचा चर्चशी कधी संबंध आला नाही अशा वाचकांसही ते अगदीच परके वाटणार नाही. कारण गुरुजी बदलले, वैद्य बदलले, मठाचा अधिकारी बदलला म्हणजे जो गोंधळ मनात उडतो, तो सर्व समाजांत सारखाच असतो.

प्रथम दोन शब्दांविषयी. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या उपासक समुदायास ‘मंडळी’ म्हणतात आणि तिच्या धर्मोपदेशकास ‘पाळक’. मराठीत मंडळी ह्या शब्दास एक घरगुती अर्थही होता. जुन्या पिढीतील गृहस्थ ‘आमची मंडळी माहेरी गेली आहेत’ असे म्हणत, तेव्हा ऐकणारा गालातल्या गालात हसे. हा घरगुती अर्थ धर्मशास्त्राच्या दृष्टीने अगदी चुकीचा नाही. ख्रिस्ती मंडळीस ख्रिस्ताची वधू म्हटलेले आहे. म्हणजे पाळक हा त्या घरचा यजमान नव्हे. तो ठेवलेला राखणदार. ‘पाळक’ हा शब्द मेंढपाळाच्या कामावरून आला. सोलापूरच्या माळावर धनगराचा कळप ज्याने पाहिला आहे त्यास ठाऊक असेल की, मेंढरे माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, ती हाक ओळखतात. कळप दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे पहिले काही दिवस जुना धनगर नव्याबरोबर चालतो. ही व्यावहारिक शहाणीव धनगराजवळ आहे. शिकलेल्या लोकांच्या संस्थांत ती नेहमी आढळतेच असे नाही.

आता मूळ हकीकतीकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ च्या अखेरीस त्यांनी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाणे घातले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती होते. १८३३ त तेथे मंडळी स्थापन झाली आणि त्याच वर्षी बाबाजीपंत वारले. प्रारंभीचे सभासद म्हणजे अपंगालयातील आंधळे-पांगळे, काही महार-मांग कुटुंबे व हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ब्राह्मण व कुणबी. जातींच्या ह्या ओळीकडे लक्ष असू द्यावे. पुढे तिचे काम पडणार आहे.

वीस वर्षे ह्या मंडळीचे पाळकपण साहेब लोकांकडे होते. त्यांत हेन्री बॅलंटाइन हे प्रमुख. १८३५ साली ते आले, मराठी उत्तम शिकले, ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ त नगराहून निघाले त्याचे संपादन त्यांनी केले, आणि मंडळीने पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाइलेली मराठी गीते त्यांनी रचली. असा मनुष्य मंडळीस बापासारखा वाटला तर नवल नाही. परंतु बापाची एक अडचण असते. मुले मोठी झाली हे त्याच्या लक्षात सर्वांच्या मागून येते.

ते लक्षात आणून देण्याचे काम दूर बोस्टनहून झाले. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन ह्यांचे मत असे की, परदेशी मिशनऱ्याने कोणत्याही मंडळीचा कायमचा पाळक होऊन बसू नये. तिला तिच्याच लोकांतला पाळक द्यावा, तिचा खर्च तिने चालवावा, तिचा कारभार तिने पाहावा, आणि आपण पुढच्या गावी जावे. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही त्याच सुमारास तेच सांगत होते, आणि मिशनने यथाकाल सुखाने मरावे अशा अर्थाची भाषा त्यांनी वापरली होती. आपल्या संस्थेने मरावे असे तिच्याच चिटणिसाने लिहावे, असे उदाहरण विरळा. १८५४ च्या अखेरीस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात उतरले. त्यांच्या भेटीनंतर नगरची इंग्रजी शाळा बंद पडली, त्याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका माझ्या मते अगदी योग्य होती. मातृभाषेचा आग्रह ठीक. परंतु गरीब मुलांच्या हातचे इंग्रजी काढून घेण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता? तथापि पाळकांच्या बाबतीत त्यांनी जो धक्का दिला तो हितकारक ठरला.

१८५४ ह्याच सालात हरिपंत रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत विनायक मोडक ह्या दोघांस दीक्षा मिळून ते नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले. (खिस्ती हे हरिपंतांचे पूर्वापार ब्राह्मणी आडनाव, ‘ख्रिस्ती’ शब्दाशी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे. पण त्यावरून विनोद झाले नसतील असे म्हणवत नाही.) हरिपंत १८३९ च्या सुमारास ख्रिस्ती झालेले, म्हणजे त्या मंडळीत पंधरा वर्षे वावरलेले, सर्वांच्या ओळखीचे.

येथे वाचकाने त्या मंडळीच्या जागी बसून पाहावे. कालपर्यंत पुलपिटावर साहेब होते. साहेबाच्या शब्दास कचेरीत मान, साहेबाच्या चिठ्ठीने नोकरी, दुष्काळात साहेबाच्या बंगल्यावर धान्य. आज तेथे हरिपंत उभे आहेत; त्यांना कलेक्टर ओळखत नाही, आणि त्यांचा पगार काही अंशी तरी आपल्याच आण्या-पैशांतून द्यावयाचा आहे. शिवाय बाकावरील बहुतेक लोक महार-मांग आणि नवा पाळक जन्माने ब्राह्मण. परक्या गोऱ्या माणसाने सर्वांस सारखे लेखणे सोपे असते, कारण तो सर्वांपासूनच सारखा दूर असतो. गावातल्याच माणसाकडे लोक बारकाईने पाहतात: हा आमच्या घरी पाणी पितो की नाही? माझ्या मुलीच्या बारशाला आला, तो शेजाऱ्याच्या का आला नाही? बदलाचे खरे ओझे असल्या लहान प्रश्नांत असते. सिद्धान्ताच्या मोठ्या प्रश्नांत ते फारसे नसते.

आणि ह्याहून अवघड गोष्ट म्हणजे जुने पाळक गेलेच नाहीत. बॅलंटाइन पुढे अकरा वर्षे, १८६५ पर्यंत, त्याच नगरात काम करीत राहिले, आणि त्या वर्षी मायदेशी जाताना समुद्रातच वारले. अकरा वर्षे जुना पाळक बंगल्यात आणि नवा पाळक चर्चमध्ये! भांडण झाले की मंडळीतला कोणीही उठून बंगल्याची वाट धरू शकत होता. चालू काळातही जी मंडळी नव्या पाळकाखाली नीट रुळत नाही तिच्यात बहुधा असा एखादा ‘बंगला’ सापडतो. तो जवळच राहणारा निवृत्त पाळक असेल, आणि हल्ली तर मोबाइलवर केव्हाही मिळणारा बदलून गेलेला पाळक असेल. अशा वेळी जुन्या माणसाने काय करावे हे कोणत्याही ग्रंथात पाहण्याची गरज नाही. ‘आता तुमच्या पाळकास विचारा’ हे वाक्य दर वेळी म्हणावे, एवढेच. ते म्हणणे मात्र फार जड जाते. कारण आपली गरज आता उरली नाही हे त्या वाक्यात आपणच कबूल करीत असतो.

असे असूनही नगरची व्यवस्था मोडली नाही, ती वाढली. ह्याचे श्रेय माझ्या मते एका रीतीस द्यावयास हवे, आणि हा लेख खरे म्हणजे त्या रीतीविषयीच आहे.

अमेरिकन मिशनचे लोक ज्या पंथाचे होते त्यास काँग्रिगेशनल म्हणत. त्या पंथात बिशप नाही. प्रत्येक मंडळी स्वतःचा पाळक स्वतः बोलावते. जागा रिकामी झाली म्हणजे मंडळीचे सभासद एकत्र बसून मत देतात, पसंत केलेल्या उपदेशकास रीतसर बोलावणे धाडतात, आणि मग शेजारच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमून त्याची परीक्षा घेतात व त्याची स्थापना करतात. मराठी मंडळ्यांनी आपापसांत जो संघ केला त्यास ‘ऐक्य’ असे सुंदर नाव दिले होते. शेजारधर्माचे हे काम त्या ऐक्याचे. स्थापनेच्या उपासनेचा क्रम न्यू इंग्लंडातून आलेला, ठरलेला असे. उपदेश होई, दीक्षेची प्रार्थना होई, शेजारचा एखादा पाळक नव्या पाळकास उजवा हात देऊन आपल्या बंधुवर्गात घेई. नंतर एक वृद्ध पाळक उठून नव्या पाळकास त्याची कर्तव्ये सांगे. येथपर्यंत जगातील बहुतेक पंथांत थोडेफार असेच चालते. परंतु ह्यानंतर आणखी एक जण उभा राही आणि पाळकाकडे पाठ करून बाकांवर बसलेल्या लोकांस बोध करी. ह्यास मंडळीस बोध म्हणत.

ह्या बोधाचा विषय मंडळीचीच कर्तव्ये हा असे. नव्या पाळकाची जुन्याशी तुलना करू नका. त्याचा पगार वेळेवर द्या. त्याच्या विषयी काही सांगावयाचे असेल तर प्रथम त्याला सांगा. त्याच्या बायकोस बिनपगारी नोकर समजू नका. आजार आला तर त्यास कळवा, त्याने अंतर्ज्ञानाने ओळखावे अशी अपेक्षा करू नका. असल्या साध्या गोष्टी त्यात येत. ह्यात तत्त्वज्ञान नाही हे खरे. पण विचार केला म्हणजे ध्यानात येते की, नवा माणूस येतो तेव्हा जुळवून घेण्याचे काम त्याच्या एकट्याचे नसून ते घरचे आहे, हे घरच्यांच्या तोंडावर, साक्षीदारांसमक्ष सांगण्याची सोय ह्या रीतीत होती. आपल्याकडे सून येते तेव्हा तिला सासरी कसे वागावे हे सगळे गाव सांगते. सासरच्यांना सुनेशी कसे वागावे हे मांडवात उठून कोण सांगतो?

ही रीत म्हणजे सर्व रोगांवर औषध होती असा माझा दावा नाही. जेथून ती आली त्या मॅसॅच्युसेट्समध्येच तिचा दारुण पराभव झालेला आहे. नॉर्थॅम्प्टन गावी सॉलोमन स्टॉडर्ड ह्यांनी साठ वर्षांच्या जवळपास पाळकपण केले आणि १७२९ त त्यांच्या मागे त्यांचे नातू जोनाथन एडवर्ड्‌स एकटे पाळक झाले. हा अमेरिकेतील त्या शतकाचा सर्वांत मोठा धर्मपंडित. आजोबांनी प्रभुभोजनास सर्वांस मोकळीक ठेवली होती. नातवाने वीस वर्षांनी ती आवळावयाचे ठरविले. लोकांना ते पंडिताचे मत वाटले नाही. आपल्या म्हाताऱ्या पाळकाची निंदा वाटली. १७५० च्या जूनमध्ये मंडळीने मोठ्या बहुमताने एडवर्ड्‌सना काढून टाकले. ज्या मंडळीस बोलावण्याचा अधिकार असतो तिला घालविण्याचाही असतो, हे ह्यावरून दिसते. पण मला ह्या कथेतील पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. काढल्यावर त्या गावास लवकर दुसरा उपदेशक मिळेना. तेव्हा कित्येक रविवारी त्याच काढलेल्या पाळकाने त्याच पुलपिटावरून उपदेश केला. त्या रविवारी बाकांवर बसलेल्यांच्या मनात काय चालले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक! मेलेल्या पाळकाची स्मृती जिवंत पाळकाहून बलवान असते, ही गोष्ट एडवर्ड्‌ससारख्या बुद्धिमान मनुष्यासही वीस वर्षांत उमगली नाही.

आपल्या प्रांतात ह्या स्मृतीचा प्रश्न पुष्कळसा सौम्य झाला तो गावच्या मास्तरांमुळे. एका पाळकाकडे पाच-सहा खेडी असत. तो महिन्यातून एखादे वेळी फिरतीवर येई. रोजची प्रार्थना, मुलांची शाळा, रविवारचे गाणे हे सर्व तेथे राहणारा मास्तर चालवी. पाळक बदलला तरी मास्तर तोच असे, आणि नव्या पाळकास कोणत्या घरी प्रथम जावे, कोणाचा रुसवा कोणाशी आहे, हे तोच सांगे. मिशनच्या अहवालांत साहेबांची नावे ठळक अक्षरांत येतात. ह्या मास्तरांची येत नाहीत. परंतु मंडळीची सलगता कोणी राखली असे मला कोणी विचारले तर मी प्रथम त्यांच्याकडे बोट दाखवीन. दुसरी सलगता गाण्याची. नारायण वामन टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले, १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली, आणि १९१७ त मिशनचा पगार सोडून ते स्वतंत्र झाले. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचा अंत झाला. मिशन सुटले, मनुष्यही गेला. पण त्यांची शेकडो गीते ‘उपासना-संगीता’त राहिली. पुलपिटावर कोणीही असो, बाकांवरचा सूर ओळखीचाच राहिला. नव्या पाळकाने आल्या आल्या गीतांस हात लावू नये असे जुने लोक म्हणतात, त्यात हट्टापेक्षा अनुभव अधिक आहे.

मास्तरांची खरी कसोटी मात्र प्रॉटेस्टंटांकडे लागली नाही. ती लागली त्याच नगर जिल्ह्यातील कॅथलिक खेड्यांत. तेथील काम जर्मन प्रांतातील जेझुइट फादरांनी उभारले होते. सोलापूरही ज्या धर्मप्रांतात येते त्या पुणे धर्मप्रांताचा कारभार १८८६ त त्याच्या स्थापनेपासून त्यांच्याकडेच होता. १९१४ त महायुद्ध पेटले आणि एका रात्रीत हे फादर ‘शत्रुराष्ट्राचे प्रजाजन’ ठरले. कित्येकांस नगरच्या छावणीत, कित्येकांस खंडाळ्यास अटकेत ठेवण्यात आले, आणि १९१६ पर्यंत बहुतेकांची बोटीने युरोपात रवानगी झाली. काही अटकेतले फादर आपल्याच खेड्यांपासून एका दिवसाच्या वाटेवर तारांच्या कुंपणात होते. निरोपसमारंभ नाही, नव्याची ओळख करून देणे नाही. ह्या मंडळ्यांनी कोणास बोलावले नव्हते आणि कोणास घालविलेही नव्हते. सरकारच्या एका हुकुमाने त्यांचे धर्मगुरू नाहीसे झाले. जागा भरावयास स्विस फादर, गोव्याकडील व मंगळुराकडील धर्मगुरू धावून आले. ते थोडे आणि खेडी पुष्कळ. मधल्या काळात खेड्यांतील प्रार्थना चालू ठेवली ती तेथल्या धर्मशिक्षकांनी व घरोघरच्या आयांनी.

पुण्याचे बिशप हेन्रिख डोरिंग ह्यांची हकीकत तर एखाद्या कादंबरीसारखी आहे. १९०७ पासून ते बिशप होते. युद्धामुळे त्यांस आपल्या धर्मप्रांतात राहता येईना; शेवटी १९२१ त रोमने त्यांस जपानात हिरोशिमा येथे नेमले. सहा वर्षे तेथे काढून १९२७ त ते पुन्हा पुण्याचे बिशप म्हणून नेमले गेले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. जे लहान मूल त्यांनी १९१३ साली पाहिले असेल ते आता लग्नाचे झाले होते. परत आलेल्या पाळकासही मंडळी नव्याने ओळखून घ्यावी लागते. तो स्वतः बदललेला असतो ही गोष्ट तर वेगळीच.

ह्या दोन चित्रांपैकी आजच्या सोलापूरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या कोठे बसतात? सोलापुरास अमेरिकन मिशनचे काम गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८६० नंतरच्या वर्षांत सुरू झाले, म्हणजे तेथील मंडळ्या नगरच्या वंशातल्या. १९२४ त काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक होऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी बनली, आणि १९७० च्या २९ नोव्हेंबरास नागपूर येथे ती इतर पाच पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. ऐक्य मोठे झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण ह्या नव्या घरात बिशप आले आणि त्यांच्याबरोबर बदलीही आली. बोलावणारी मंडळी आता स्वीकारणारी मंडळी झाली. बदलीच्या पद्धतीचे फायदे मी नाकारीत नाही. लहान, गरीब मंडळीसही पाळक मिळतो. एखाद्या श्रीमंत कुटुंबाच्या मुठीत पाळक राहत नाही. आणि पाळकासही भांडणातून सुटण्यास मान्य वाट मिळते. नॉर्थॅम्प्टनास बिशप असता तर एडवर्ड्‌सची अब्रू वाचली असती! परंतु ह्या देवघेवीत एक वस्तू आपण हातची घालविली, तिची आठवण फार थोड्यांस आहे. बोलावण्याचा हक्क गेला तेव्हा बोलावण्याबरोबर येणारी जबाबदारीही विसरली गेली. आज पाळक जातो तेव्हा शाल व नारळ, येतो तेव्हा हार व भाषणे. मंडळीस बोध कोणी करीत नाही. लोकांस वाटते, ज्यांनी धाडला त्यांनी पाहून घ्यावे. मग पहिला रविवार म्हणजे परीक्षा होते, आणि परीक्षक ऐंशी असतात.

सोलापुरास ह्यात आणखी एक पदर आहे. ह्या शहरात मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात. म्हातारीस दुखणे सांगावयाचे ते एका भाषेत आणि उपासना दुसऱ्या भाषेत, अशी स्थिती काही नवी नाही. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या पाळकास ही गोष्ट कळावयास वर्ष लागते, आणि ते वर्ष मंडळी त्यास ‘अबोल’ ठरविण्यात घालविते.

हे सर्व मी स्नेह्यांस कुंभारीस जाऊन सांगितले. अर्ज करू नये असे मी म्हटले नाही. नगरच्या पूर्वजांनी दिलेला हक्क आठवूनच लोक सह्या करीत असावेत असे मला वाटते, आणि तो हक्क काही लाजिरवाणा नाही. मी एवढेच विचारले की, नव्या पाळकांस तुम्ही कुंभारीत राहता हे कसे कळणार?

ह्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग असे निघाले की, मंडळीच्या कुटुंबवहीत वसाहतींत राहावयास आलेल्या बऱ्याच घरांचे पत्ते अजून जुन्या पेठांतलेच होते. जाणारे पाळक सर्वांस तोंडओळखीने शोधून काढीत. वही त्यांस लागतच नसे. त्या संध्याकाळी मातोश्रींनी नातीस वही घेऊन बसविले. त्या सांगत गेल्या आणि मुलगी लिहीत गेली: कोणती ओळ, कोणता घरक्रमांक, घरी कोण आजारी, कोणाशी तेलुगूत बोलावे, कोणाच्या मुलाचे नाव घरात काढू नये. दिवा लागेपर्यंत सव्वीस घरे झाली. स्वतःच्या घरापाशी त्या थांबल्या. नातीने विचारले, “आजी, आपल्यापुढे काय लिहू?”

“लिही,” त्या म्हणाल्या, “ऐकू कमी येते. दार जोराने वाजवावे.”